हरवलेल्यांची यादी

यादी पहिल्यांदा हातात आली तेव्हा शेवटच्या रकान्यात प्रत्येक नावापुढे एकच शब्द होता : लॉस्ट. फलटण तालुक्यातल्या चाळीसेक बायका. गावं सगळी पायाखालची. विडणी, जिंती, गुणवरे, आसू, गिरवी, दुधेबावी. प्रत्येकीचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, कुणाला दोन वर्षं झाली होती, कुणाला सहा. ज्या धर्मादाय संस्थेनं त्यांच्या उपचारांना हातभार लावला होता, तिथल्या पुण्याच्या मुली फोन लावून लावून थकल्या होत्या. नंबर मुलाचा, मुलानं सिम बदललेलं. नंबर शेजारच्या दुकानदाराचा, दुकान मोडलेलं. तीनदा फोन लागला नाही की संगणकात हा शब्द टाकायचा, असा त्यांचा नियम.

मला हसू आलं. यातली एक बाई दर उन्हाळ्यात माझ्या घरी कुरडया आणून देते. ती कुठली हरवतेय?

मी ३५ वर्षं आरोग्यसेविका होते, त्यातली बहुतेक वर्षं याच तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली. लोक मला 'शिष्टर' म्हणतात, अजूनही. २०१९ साली निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत घरात बसून कंटाळले. त्याच सुमाराला ही यादी आली. मानधन थोडं, पेट्रोलचा खर्च वेगळा. काम काय, तर बाईच्या दारात जायचं आणि ती कशी आहे ते बघून लिहून आणायचं. एवढंच? मी विचारलं. एवढंच, संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, पण पाच वर्षं, दहा वर्षं. मला वाटलं, लसीकरणाचं रजिस्टर आहे झालं, फक्त पोरांऐवजी आया.

तसं ते निघालं नाही.

पहिल्याच घरी चूक केली. ॲक्टिव्हा थेट अंगणात लावली, हातात संस्थेच्या नावाची फाईल. बाई ओट्यावर शेंगा फोडत होती. मला बघून तिचा चेहरा असा उतरला, की पाणीसुद्धा न विचारता ती आत गेली. मागच्या दारानं मला गोठ्यात बोलावून घेतलं आणि म्हणाली, "शिष्टर, पाया पडते, असं येऊ नका. थोरलीला बघायला पाव्हणं येत्यात." तिचं ऑपरेशन गर्भाशयाचं झालं असं गावाला सांगितलेलं होतं. पुण्याहून येणारा फोन तिनं स्वतःच नंबर अडवून बंद केला होता. आईला असला आजार म्हटल्यावर पोरीच्या सोयरिकीत लगेच माशी शिंकते. बहुतेक स्तनाचे कर्करोग रक्तातून वारशानं येत नाहीत हे तिला मी सांगू शकते, सांगितलंही. पण पाव्हण्यांना कोण सांगणार?

त्या दिवसापासून मी फाईल पिशवीत ठेवते, वर कोथिंबिरीची जुडी. गाडी मारुतीच्या देवळापाशी लावते आणि चालत जाते. कुणी विचारलं तर बीपी बघायला आले म्हणते, आणि बघतेही, ज्या बाजूचं ऑपरेशन झालं तो हात सोडून दुसऱ्या हाताचं. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या की त्या हाताला पट्टा आवळायचा नाही, सुई टोचायची नाही, हे साधं. ते दवाखान्यात सांगितलेलं असतं, पण घरी येईपर्यंत विसरलेलं असतं. हात सुजतो. मग बांगड्या चढत नाहीत. जिंतीच्या एका मावशींनी मला त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं सांगितलं ते हे होतं. किमोत केस गेले, ते पदराखाली झाकले. छाती सपाट झाली, तिथं रुमालाची घडी घातली. पण सणाला कासार दारात आला, डाव्या हातात डझनभर चुडा भरला आणि उजव्या मनगटावर त्याची बांगडी थांबली. "सुवासनीचा हात मोकळा," असं म्हणून त्या रडल्या. मी त्यांना व्यायाम दाखवला, हात उशीवर उंच ठेवायला सांगितलं. माझ्या फॉर्ममध्ये 'हाताची सूज' असा रकाना आहे, त्यापुढे हो किंवा नाही. हो लिहिलं. बांगडीला रकाना नाही.

आता हे सगळं कशासाठी, हे मला तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं. मदतीचं कळत होतं : महात्मा फुले योजनेचं कार्ड, केशरी शिधापत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवणं, पुण्यात राहायची सोय, मुंबईला टाटात पाठवलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा नाहीतर परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. ही कामं केली की बाई बरी होण्याच्या वाटेला लागते, डोळ्यांना दिसतं. पण चार वर्षांपूर्वी बरी होऊन ऊस खुरपायला गेलेल्या बाईला शोधत उन्हात आसूपर्यंत जायचं, ती बांधावरूनच "बरी हाय वो" असं ओरडणार, आणि मी एक आकडा लिहून परत यायचं, यात काय सेवा?

ते मला एका औषधानं समजावलं. लिग्नोकेन. बाळंतपणात टाके घालायच्या आधी भूल म्हणून टोचतात ते. माझ्या उपकेंद्राच्या कपाटात त्याची बाटली नेहमी असायची. टाटा स्मारक रुग्णालयानं पुढाकार घेऊन देशातल्या ११ रुग्णालयांत सुमारे १६०० बायकांवर एक अभ्यास केला. अर्ध्यांना ऑपरेशनच्या आधी, चाकू लावण्यापूर्वी सात ते दहा मिनिटं, गाठीच्या भोवती हेच औषध टोचलं. अर्ध्यांना नाही टोचलं. बाकी उपचार सारखे. २०२३ मध्ये त्याचा निकाल छापून आला : पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका न टोचलेल्यांत ८६.४ टक्के, टोचलेल्यांत ९०.१. खर्च म्हणाल तर एका बाईमागे शंभर रुपयेसुद्धा नाही.

मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी आधी औषधावरच अडकले. आमच्या कपाटातली ती बाटली! मग त्या म्हणाल्या, "शिष्टर, हे ८६ आणि ९० कुठून आले असतील?" पाच वर्षांनी कोणती बाई जिवंत आहे, कोणती नाही, हे कुणीतरी शोधून काढल्याशिवाय हा आकडा येतच नाही. दोन्हींत फरक चार टक्क्यांच्याही आतला. शंभरातल्या दहाजणी जर लॉस्ट झाल्या असत्या तर तो फरक कुठल्या कुठे वाहून गेला असता, आणि त्या स्वस्त बाटलीचा गुण कुणालाच कळला नसता.

आसूचं ऊन त्यानंतर मला तितकंसं लागलं नाही. (लागतं. पण चिडचिड कमी होते.)

असं विचारत, मोजत फिरणं काही आजचं नाही. इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९२६ साली हा आजार असलेल्या ५०० आणि नसलेल्या ५०० बायकांना तेच ते प्रश्न विचारून तुलना केली होती. मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं, असले आमच्या रजिस्टरातलेच प्रश्न. आणि आपल्याकडे बार्शी. फलटणहून पूर्वेला. तिथं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी. मुंबईत नोंदणी करायची तर रुग्णालयांचे कागद तपासले की भागतं. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येतच नाही, त्याचा कागद कुठून असणार? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, आजारी माणसं शोधत, लोकांशी बोलत. ते गेले होते मोजायला. पण त्यांच्या बोलण्यामुळे बायका गर्भाशयमुखाचा आजार घेऊन आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. तपासणीची कुठली मोहीम नाही, यंत्र नाही. नुसतं कुणीतरी दारात येऊन विचारत होतं.

हे माझ्याही बाबतीत घडलं, पण जरा वाकडं. दुधेबावीच्या बाजूला एक बाई आहेत, आपण त्यांना थोरल्या जाऊबाई म्हणू. टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक, अशी किमान पाच वर्षं घ्यायची. गोळ्यांची पाकिटं मोजणं हे माझं नेहमीचं काम, कारण 'रोज घेता का' विचारलं की सगळ्याच 'व्हय' म्हणतात. मोजली तर गोळ्या फार लवकर संपत होत्या. साधारणपणे उलटं असतं, बायका पुरवून पुरवून खातात, एकाआड एक. मी विचारलं तर थोरल्या जाऊबाई सरळ म्हणाल्या, "धाकटीला बी देती की. तिला बी गाठ आलीया. मला गुण आला, तिला का न्हाय यायचा?"

मी खाली बसले. चार महिने झाले होते म्हणे. दुखत नव्हती, म्हणून.

धाकटीला घेऊन मी स्वतः पुण्याला गेले. सोनोग्राफी, सुईची तपासणी, अहवालासाठी पुन्हा एक फेरी. तिन्ही दिवस ऊसलावणीचे. अहवाल आला : साधी गाठ, कर्करोग नाही. मला इतकं हलकं वाटलं, की स्वारगेटला मी तिला उसाचा रस पाजला. ती मात्र फलटण येईपर्यंत गप्प होती आणि उतरताना म्हणाली, "तीन रोजाचं पैसं गेलं शिष्टर, ते तुमची संस्था देती का?" देत नाही. बहुतेक गाठी साध्याच असतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या साध्या गाठींची मजुरी कुणी भरून द्यायची, ते पुस्तकात नाही.

दुखत नव्हती म्हणून. या वाक्याशी माझा जुना हिशेब आहे, तो इथं मांडते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीवर मी पोराला डोस पाजायला गेले होते. पोराच्या आजीनं, पन्नाशीची असेल, मला बाजूला घेऊन चोळी सैल केली आणि हात लावून बघायला सांगितलं. गाठ होती. घट्ट, लिंबाएवढी. मी विचारलं, दुखते का? नाही म्हणाली. मग काही नाही, मी म्हणाले, दुखलं तर सांगा. आम्हाला शिकवलेलं तेवढंच होतं असं मी स्वतःला सांगत आले. पण शिकवलेलं नसेल तर "मला कळत नाही, डॉक्टरांना दाखवू" एवढं तरी म्हणता आलं असतं. त्या महिन्यात कुटुंबनियोजनाच्या केसेसचं टार्गेट अपुरं होतं आणि माझं सगळं डोकं सुनेकडे होतं. दीड वर्षानं त्या घरी गेले तेव्हा आजीच्या फोटोला हार होता.

म्हणून टाटाचा मुंबईतला दुसरा एक अभ्यास वाचताना मला बरं वाटलं आणि वाईटही. १९९८ पासून २० वर्षं, झोपडवस्त्यांतल्या दीड लाखावर बायका. त्यांतल्या निम्म्यांना दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातानं तपासलं. मॅमोग्राफी नाही, फक्त हात. निकाल २०२१ मध्ये आला : पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावी-बारावी झालेल्या मुलींना काही आठवडे शिकवून तयार केलेलं होतं. म्हणजे माझ्या हातांनाही ते येण्यासारखं होतं.

संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे कोट येतात. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन ही संस्था १९९९ पासून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करते. आयसर पुणेबरोबर तिनं संशोधन केंद्र उभं केलं आहे, गाठींचे नमुने जतन करून ठेवणारी बायोबँकही आहे. आमची संस्था वेगळी आणि लहान, पण नमुन्यासाठी संमती कशी घ्यायची ते आम्हालाही कधी कधी समजावून सांगावं लागतं. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याचे पातळ काप काढून वर्षानुवर्षं अभ्यास करता येतो. गुणवऱ्याच्या एका आजींनी हे ऐकून विचारलं होतं, "एवढी पैशे घालून काढली, आन् तुम्ही ती जपून ठिवनार?" मी म्हटलं, आजी, बियाणं जपतात तसं नाही, चोर पकडल्यावर त्याचा अंगठा घेऊन ठेवतात तसं. त्यांना ते पटलं, अंगठा उठवला. त्यांची गाठ 'तीन निगेटिव्ह' जातीची होती. म्हणजे ज्या तीन खुणांवर नेम धरून औषधं मारतात त्या तिन्ही नसलेली. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी तिथं उपयोगाची नाही. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे ही जात जास्त आढळते आणि तिचा अभ्यास आपल्याच बायकांच्या ठोकळ्यांवर व्हायला हवा, हे मला पटलं आहे. आजी मात्र ऑपरेशननंतर दोनच वर्षं राहिल्या.

ती नोंद करायला मी गेले तो दिवस आठवतो. म्हातारबाबा एकटे होते. तारीख त्यांना सांगता येईना. "टोळी आमच्या रानात होती, तोड चालू होती," एवढंच. मी कारखान्याच्या पावतीवरून तारीख काढली. मग त्यांनी खुंटीची पिशवी उतरवून फाईल दिली, सगळे कागद क्रमानं लावलेले, आणि म्हणाले, "ती गेली तरी हे लागतंय का?" लागतं, मी म्हणाले. "मग न्या. तिला आवडलं आसतं." आजींना आवडलं असतं की नाही मला माहीत नाही. बाबांना मात्र तसं वाटत होतं.

ऑक्टोबरात शहरात या आजाराच्या जागृतीच्या गुलाबी फिती लागतात. आमच्या संस्थेनंही एकदा गुलाबी टीशर्ट पाठवले होते, तालुक्यात रॅली काढा म्हणून. मी ते अजून कपाटात ठेवलेत. त्या फितीची गोष्ट मला नंतर कळली. अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या एका वयस्क बाईनं घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवल्या होत्या. प्रत्येक पाचाच्या गठ्ठ्यामागे चिठ्ठी, की सरकारच्या कर्करोग संस्थेच्या पैशातला फक्त पाच टक्के वाटा आजार टाळण्यावर खर्च होतो, तुम्ही आवाज उठवा. १९९२ मध्ये एक मासिक आणि सौंदर्यप्रसाधनांची एक बडी कंपनी तिच्याकडे फीत मागायला गेली. बाई नाही म्हणाली, मला धंदा करायचा नाही. वकिलांनी सल्ला दिला, रंग बदला. झाला गुलाबी. फितीनं पैसा फार उभा केला हे खरं आहे आणि त्यातून संशोधनही झालं, ते मी नाकारत नाही. पण चिठ्ठी गळून पडली. मला त्या म्हाताऱ्या बाईची चिठ्ठीच जास्त आवडते. फुकट होती आणि नेमकी होती.

यादीचं सांगायचं तर, चाळीसातल्या बहुतेक सापडल्या. काहीजणी गेलेल्या. एक सुरतला मुलाकडे, एक माहेरी. एकीनं मला ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही, पण ती विहिरीवर धुणं बडवत होती, दोन्ही हातांनी. मी तिच्यापुढे 'जिवंत' लिहिलं. नियमात बसतं का विचारलं नाही.

गेल्या आषाढात माउलींची पालखी फलटणला विमानतळावर उतरली होती. गाव माणसांनी फुललेलं. पालखी बरडकडे हलल्यावर मी विडणीच्या बाजूला निघाले, एका बाईंची पाचवी भेट राहिली होती. पाच वर्षं पुरी, महत्त्वाची भेट, पुण्याहून दोनदा फोन आला होता. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मामी व्हय? त्या गेल्या की दिंडीत. तुळस डोईवर हाय त्यांच्या." मी म्हटलं, उजव्या हातानं धरवते का? "दोन्ही हातांनी धरल्याली मी बघितली."

तिथूनच पुण्याला फोन लावला. तिकडे नवी मुलगी होती, नुकतीच लागलेली.

"भेट झाली का ताई?"

"नाही. वारीला गेल्यात."

"म्हणजे... पत्त्यावर नाहीत? मग मी चार नंबर टाकू, लॉस्ट?"

"अगं पंढरपूरला चालत गेलीय ती बाई!"

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "ताई, त्याला कोड नाहीये."

मी म्हटलं, थांब, एकादशी होऊन जाऊ दे, मी परत जाते. तोवर रकाना मोकळा ठेव.